नाकातला मणी, चालू राहिलेला माईक आणि देव

पत्र (थोडं आखडून):

ताई, मला अहो-जाहो करू नका, आधीच फार थकलेय. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीन. परवा सकाळी त्याने माझा मोबाईल आंघोळ घालायला म्हणून बादलीत सोडला. मग मुलीने तीन संध्याकाळी खपून केलेल्या पुठ्ठ्याच्या घरावर जाऊन बसला. ती रडली, तिला बघून तो रडला, आणि माझी घरूनच ऑफिसची मीटिंग. मुलीला बजावलं, ‘आई बोलत असताना काही सांगायचं असेल तर हळू सांगायचं.’ ती दोनदा येऊन काहीतरी कुजबुजली, मी हातानेच ‘थांब’ केलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं : ‘आई, त्याने नाकात मणी घातलाय.’ मी दोघांवर इतकी ओरडले की माझाच घसा बसला. मग मोठ्यांदा म्हणाले, ‘देवा, आता तूच बघ रे बाबा, माझ्याच्याने होत नाही.’ माईक चालू होता. पलीकडून कुणीतरी ‘तथास्तु’ म्हणालं.

शेजारणीच्या फोनवरून नवऱ्याला कळवलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठल्या नाकपुडीत?’ मुलाने बहिणीच्या नाकाकडे बोट दाखवलं. मला हसू फुटलं ते थांबेचना, सगळे बघायला लागले. डॉक्टरांनी मला त्याच्या तोंडातून फुंकर मारायला शिकवलं, दुसऱ्या फुंकरीला मणी बाहेर येऊन माझ्या गालावर आपटला. मुलगा म्हणाला, ‘परत घालू?’

नवरा म्हणतो, ‘यात हसण्यासारखं काय होतं? तुला कशाचं गांभीर्यच नाही.’ रात्री मुलीने विचारलं, ‘आई, देव तुझ्यावर ओरडतो का गं?’ मला उत्तर सुचलं नाही. प्रार्थनेला बसले तर हात जोडलेले असतानाच डोळा लागला. अख्ख्या दिवसात देव आठवला तो तक्रारीपुरता. ही कसली श्रद्धा? आणि मी हसले ते चुकलं का? मणी अजून पर्समध्ये आहे. टाकवत नाही.
– दमलेली आई

उत्तर :

बरं, अहो-जाहो नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ‘तथास्तु’ला चष्मा काढून ठेवावा लागला. दुसऱ्यांदा मुलीच्या प्रश्नापाशी थांबले, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. पण आधी हसण्याचं मिटवू, कारण त्यात मिटवण्यासारखं फार नाही.

तू कधी हसलीस ते बघ. मणी नाकात गेलाय हे कळलं तेव्हा नाही. तेव्हा तू मीटिंग सोडलीस, मुलाला उचललंस, शेजारणीचा फोन मागितलास आणि सुटलीस. हसलीस ती खुर्चीत टेकल्यावर. मूल मांडीवर, श्वास नीट चाललेला, समोर डॉक्टर. घाबरल्यावर अंगात जी धावाधाव सुरू होते ती आपण ‘झालं आता’ म्हटलं म्हणून थांबत नाही, ती कुठून तरी बाहेर पडते. कुणाचे हात थरथरतात, कुणाला रडू कोसळतं, कुणी घरी येऊन भांडण काढतं. तुला हसू आलं. आणि खरं सांगू? स्वतःच्या नाकाची चौकशी चालू असताना बहिणीचं नाक पुढे करणाऱ्या मुलाला बघून तू हसली नसतीस, तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती.

नवऱ्यावर मात्र रागावू नकोस, निदान या एका बाबतीत. त्याचा तास तुझ्या तासापेक्षा वाईट गेला. दुसऱ्याच नंबरवरून फोन, ‘याने नाकात मणी घातलाय, दवाखान्यात चाललेय’ एवढं एक वाक्य, आणि पुढे काही कळायची सोय नाही, कारण तुझा फोन आंघोळ करून वाळत पडलेला. ‘परत घालू?’ हे तू ऐकलंस, त्याने नाही. त्याच्या डोक्यात मणी अजून आतच होता आणि तू घरात शिरलीस ती हसत. त्याला सगळा प्रसंग पुन्हा सांग, पण डॉक्टरांपासून सुरुवात करू नकोस. तुझे पाय कसे लटपटत होते तिथपासून सांग. बहिणीच्या नाकापर्यंत पोचेस्तोवर तोही हसेल. नाही हसला तर पुढच्या वेळी दवाखान्यात त्यालाच पाठव.

मण्यावरून दोन शब्द सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत एक नाक आणि एक मणी असणारच. तुला शिकवली ती फुंकर जुनी युक्ती आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका डॉक्टरांनी १९६५मध्ये ती लिहून ठेवली, आणि तिचं इंग्रजी नावच मुळी ‘आईची पापी’ अशा अर्थाचं आहे. मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची, मुलाच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं आणि एकदम फुंकर मारायची. हवेला बाहेर पडायला एकच वाट उरते आणि त्या वाटेवर मणी बसलेला असतो. दहांत साधारण सहा वेळा साधतं. पण हे डॉक्टरांनी नाक बघून ‘करा’ म्हटल्यावर. घरी चिमटा, काडी, करंगळी काही घालायचं नाही, वस्तू आणखी आत सरकते. आणि आत गेलेली वस्तू रिमोटमध्ये असतो तसला चपटा गोल सेल असेल किंवा लोहचुंबकाचे तुकडे असतील, तर थेट हॉस्पिटल. तसला सेल ओल्या जागी अडकला की दोन-तीन तासांतसुद्धा आतून भाजू शकतो. तिथे माझाही विनोद बंद.

आता माझं ऐक, म्हणजे तुला वाटायचं नाही की मी कुठल्या तरी शांत घरात बसून हे लिहितेय.

माझा धाकटा पावणेतीन वर्षांचा असताना त्याने मला बाथरूममध्ये कोंडलं. बाहेरच्या कडीला त्याचा हात नुकताच पोचायला लागला होता. ती लागते हे त्याला कळलं होतं, निघते हे कळलं नव्हतं. मी फरशीला गाल लावून दाराखालच्या फटीतून त्याची पावलं बघत होते. डाव्या पायाचा अंगठा सारखा वर-खाली होत होता. विचार करताना तो अजूनही तसंच करतो, आता बुटात करतो म्हणून दिसत नाही एवढंच. मी म्हटलं, ‘राजा, कडी बाजूला ओढ.’ तो म्हणाला, ‘ओढली.’ ओढली नव्हती. मग माझा आवाज रडवेला झालेला त्याला कळला असावा, कारण फटीतून एक कागद आत आला. त्याने काढलेलं चित्र. मग दुसरं. मग चित्रं संपली आणि विजेचं बिल आलं. ‘वाच,’ म्हणाला, ‘कंटाळा येईल.’

मी त्या ओल्या फरशीवर बसून विजेचं बिल वाचलं. मोठ्यांदा, कारण माझा आवाज थांबला तर तो दारापासून हलेल अशी भीती. चाळीस मिनिटं. दर दोन ओळींमागे मनात चाललेलं, ‘देवा, याला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नकोस.’ इतकी मनापासून प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती आणि नंतरही केलेली नाही, आणि तिच्यातले निम्मे शब्द ‘स्थिर आकार’ आणि ‘मागील थकबाकी’ असे होते. शेवटी हे आले, कडी काढली, माझ्या हातातला कागद बघितला आणि विचारलं, ‘भरायचं राहिलंय का?’

त्या दिवशी मला हसू आलं नाही. यायला चार दिवस लागले, तेही एकटीला, कपडे वाळत घालताना. तुला तासाभरात आलं. माझ्या हिशोबाने तू पुष्कळ पुढे आहेस.

सगळंच हसू सारखं नसतं हे मात्र मान्य. तू मुलाच्या बरोबरीने हसलीस, ते चांगलं. पण ‘वा वा, फार छान केलंस!’ असं दात-ओठ खाऊन म्हणतो ना आपण, ते लहान मुलांना विनोद म्हणून पोचत नाही. टोमण्यातला उलटा अर्थ त्यांना साधारण ५-६ वर्षांच्या पुढे कळायला लागतो, आणि त्यातली गंमत त्याहूनही उशिरा. साडेतीन वर्षांच्या मुलाला शब्द कळतात ‘छान’ आणि चेहरा दिसतो रागाचा. तो पार गोंधळून जातो. दुसरं म्हणजे हा किस्सा तू आता वीस जणांना सांगणार आहेस, मीही सांगितला असता. मुलगा शेजारी उभा असेल तेव्हा जरा त्याच्याकडे बघ. तो फुशारला असेल तर चालू दे. तो तुझ्या पाठीमागे गेला तर गोष्ट तिथेच तोड. आणि रडणाऱ्या मुलाचं तोंड मोबाईलवर टिपत बसण्याचं वेड मला मुळीच आवडत नाही, पण तुझा मोबाईल तेव्हा तसाही ओला होता.

आता मुलगी.

‘देव तुझ्यावर ओरडतो का गं?’ मला नाही वाटत तिला देवाबद्दल काही विचारायचं होतं. तिने घरातली उतरंड मांडून बघितली. मी भावावर ओरडते, आई माझ्यावर ओरडते, मग आईच्या वर कोण? ओरडणं कुठून सुरू होतं, याचा ती शोध घेत होती. आणि त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, जो तिला विचारता आला नाही : मी तर तू सांगितलंस तसंच केलं होतं, मग मला का ओरडलीस?

तिचं बरोबर आहे ना. तू ‘हळू सांग’ म्हणालीस, तिने हळू सांगितलं. तीनदा सांगितलं. भाऊ नाकात मणी घालून बसलाय, आई हाताने ‘थांब’ म्हणतेय, आणि ही पोर नियम मोडायचा नाही म्हणून पुन्हा पुन्हा येऊन कुजबुजतेय. त्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात शहाणं कुणी वागलं असेल तर ती.

तेव्हा आजच, निजायच्या आधी, तिच्याजवळ बस आणि सांग, ‘परवा मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं. तू बरोबर केलं होतंस. भाऊ वाचला तो तू सांगितलंस म्हणून.’ इथे थांब. ‘पण तूसुद्धा...’ म्हणायचं नाही. ‘आई दमली होती ना’ असंही नको, नाहीतर तुझा थकवा सांभाळायचं काम ती स्वतःकडे घेईल. सहा वर्षांच्या मुली ही कामं फार पटकन उचलतात.

एडवर्ड ट्रॉनिक नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. १९७०च्या दशकापासून त्यांनी आई आणि तान्हं बाळ समोरासमोर बसवून, चित्रण करून, क्षणाक्षणाला दोघांचं काय चाललंय ते तपासलं. चांगल्या, प्रेमळ, धडधाकट जोड्या. आई आणि बाळ एकमेकांच्या सुरात होते ते जेमतेम ३० टक्के वेळ. उरलेला सगळा वेळ हुकणं, चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळ तिकडे बघतंय तेव्हा आई हसतेय, आई दमून गप्प झाली की बाळ हाका मारतंय. त्यांचं म्हणणं असं की, मूल भरवसा ठेवायला शिकतं ते या पुन्हा जुळण्यातून. मी हे वाचलं तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती, आणि आधी कुणी सांगितलं असतं तर किती रात्री सुखाने झोपले असते असं वाटलं.

आणि देवाबद्दल तिने पुन्हा विचारलंच, तर तुला वाटतं ते सांग. मी असते तर म्हणाले असते, ‘नाही गं, ओरडले ती मीच होते, देव नव्हता त्यात.’ देवाला घरातला हवालदार करू नकोस. ‘देव बघतोय हं’ म्हटलं की मुलं काही काळ गप्प बसतात खरी, आणि मग पुढे कितीतरी वर्षं त्याच्यापासून लपत राहतात.

एक घरगुती दुरुस्तीही कर. ‘हळू सांग’ या नियमाला अपवाद ठरवून टाका : रक्त, धूर, पाणी, नाकात-कानात-तोंडात गेलेली वस्तू, आणि भाऊ दिसत नसणं. यातलं काहीही झालं तर मीटिंग कुणाचीही असो, बोंब मारायची. तिच्याकडून एकदा तालीम करून घे. तिला ते भयंकर आवडेल.

राहिली श्रद्धा. दिवसभरात देव तक्रारीपुरताच आठवला, असं तू लिहितेस. अगं, तक्रार करायलाही खिडकीपलीकडे कुणीतरी बसलंय असं वाटावं लागतं. रिकाम्या खिडकीशी कोण भांडतं? जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्यात, चांगल्या कडकडीत, आणि त्यांची भक्ती कमी पडली असं आजवर कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. ‘आता तूच बघ रे बाबा’ हे तू मीटिंगमधल्या माणसांना उद्देशून म्हणाली नव्हतीस. ज्याला म्हणालीस तो ऐकतो असं धरून म्हणालीस. उत्तर ऑफिसमधून आलं हा भाग वेगळा.

असे दिवस देव आपली परीक्षा बघायला पाठवतो, असं तुला दहा जण सांगतील. मला ते कधीच पटलं नाही. मणी तुझ्या मुलाने घातला, नाकाला भोक आहे हे त्याला नुकतंच लक्षात आलंय म्हणून. त्यामागे कुणाची योजना शोधत बसलीस तर दमशील. माझ्या श्रद्धेला एवढंच पुरतं की, माझ्या हातात नसलेल्या गोष्टी कुणाच्या तरी स्वाधीन करून मी दार वाजायची वाट बघू शकते. बिल वाचत.

हात जोडलेले असताना डोळा लागला, त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. मुलगा तुझ्या खांद्यावर अर्ध्या वाक्यात झोपतो तेव्हा तुला अपमान वाटतो का?

प्रार्थना मात्र रात्रीपुरती ठेवू नकोस, ही माझी एकच सूचना. तुला पाठ असलेली, लहानपणापासून तोंडात बसलेली एखादी छोटी ओळ घे. श्वास घेताना ती मनात सुरू कर आणि सोडताना सावकाश पूर्ण कर. २००१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. २३ माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणायला लावलं. दोन्हींनी त्यांचा श्वास आपसूक मिनिटाला सुमारे ६वर आला. एरवी आपण त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने श्वास घेतो. पाच-सहा श्वासांत एक मिनिट जातं, आणि ओरडायची जी पहिली उबळ असते ती बऱ्याचदा तेवढ्यात ओसरते. बऱ्याचदा म्हणाले, नेहमी नाही. बादलीत मोबाईल दिसल्यावर कुणालाही पाच श्वास सुचत नाहीत. पण कुजबुजत आलेल्या मुलीकडे वळून बघण्याइतकी उसंत मिळाली तरी पुष्कळ. आणि हे करताना माईक बंद आहे ना, तेवढं बघ.

शेवटी मण्याचं. टाकवत नसेल तर टाकू नकोस. माझ्याकडे ते विजेचं बिल अजून आहे, त्याच्या मागच्या बाजूला निळ्या खडूने काढलेला एक गोल आहे, तो म्हणे मी. पण पर्समध्ये ठेवू नकोस. साडेतीन वर्षांच्या मुलाला आईची पर्स उघडता येते, आणि तुझ्या मुलाने डॉक्टरांसमोर सगळ्यांच्या साक्षीने एक प्रश्न विचारलाय, ज्याचं उत्तर त्याला अजून कुणी दिलेलं नाही.